टेकडीमायचा मटाम

माणसानं कुठंही ढीग घातला की आधी त्यावर कुत्रं बसतं, मग बोरीचं झुडूप उगवतं, आणि झुडूप उगवलं की देव यायला वेळ लागत नाही. खाणीच्या आराखड्यांच्या नियमावलीत हे लिहिलेलं नसतं. पण गिरिधर हरकऱ्यांना ते ठाऊक असायला हवं होतं. जन्म नागपूरच्या महाल भागातला. तिथं चौकात दोन विटा एकावर एक राहून गेल्या तरी सकाळी त्यांच्यावर जास्वंद वाहिलेली दिसते.

गिरिधरांचं काम गिट्टी खदानींचे आराखडे करायचं. खोदायचं कुठून, गिट्टीचे ढीग कुठं घालायचे, डंपर कुठून आत येणार नि कुठून बाहेर पडणार, आणि दगड संपला की त्या भोकाचं करायचं काय, हे सगळं आधी ठरवून द्यायचं. रामटेकच्या रस्त्याला आत सावरबोडी नावाचं गाव आहे. तिथल्या महादेवराव हटवारांच्या धानाच्या बांध्यांखाली, म्हणजे भाताच्या खाचरांखाली, चांगला दगड निघाला, तेव्हा तिथला आराखडा गिरिधरांनीच केला होता. वरची काळी माती आधी खरवडून काढायची आणि एका कोपऱ्यात वेगळा ढीग घालून ठेवायची. खाण संपली की खड्डा दगडधोंड्यांनी आणि मुरमानं भरायचा आणि शेवटी सगळ्यात वर तीच माती परत पसरायची. शेतकऱ्याला त्याचं शेत जसंच्या तसं. कागदावर तर इतकं सोपं की कुणाला वाटावं, बायकांनी गादीची खोळ काढून धुऊन परत घालावी तसं आहे.

पुढं वर्षं गेली. दगड संपला, खड्डाही भरत आला, आणि आता मातीची पाळी आली तर मातीच्या ढिगावर टेकडीमाय बसलेली.

हे सांगायला खाणमालकाच्या मुलाचा, उन्मेषचा फोन आला, तेव्हा गिरिधर म्हणाले, "बरं."

हल्ली ते सगळ्यालाच बरं म्हणत. दिवाळीनंतर त्यांची बायको, प्रीती, गेली. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं आणि परत आणली ती गेलेलीच. गिरिधरांना रडू आलं नाही. तेराव्यालाही नाही. सोयरेधायरे म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीरबीर काही नव्हता. भर उन्हाळ्यात चालता कूलर बंद पडला की घरात एकदम कशी शांतता होते, तशी त्यांच्या आत झाली होती, आणि कूलर पुन्हा लावायला कुणी उठलं नव्हतं.

मुलगी नूपुर पुण्याला. ती म्हणाली, "बाबा, आईच्या वस्तूंमध्ये असे बसून राहू नका, तुम्हाला त्रास होईल." गिरिधर म्हणाले, बरं. आणि जे काम त्यांना आयुष्यभर येत होतं तेच त्यांनी घरात केलं. एकेक थर पद्धतशीर उपसला. साड्या चुलतबहिणीला आणि कामवाल्या बाईला. लोणच्याच्या बरण्या शेजारी. पुस्तकं ती शिकवायची त्या शाळेला. औषधं, चपला, खिडकीतल्या कुंड्या. घर असं साफ झालं की बोललं तर आवाज घुमावा.

राहिली फक्त तिची स्कूटी, जिन्याखाली. दर रविवारी गिरिधर ती स्टँडवर घेत, बाजूला उभं राहून चालू करत, थोडा वेळ तशीच गुरगुरू देत आणि बंद करत. बॅटरी उतरू नये म्हणून. गाडी चालवणारं घरात कुणी नसताना बॅटरी कुणासाठी जपायची, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

सावरबोडीला निघाले त्या सकाळी नूपुरचा फोन आला. "बाबा, स्कूटीला गिऱ्हाईक बघू का? उगाच सडत पडलीय."

"बरं," गिरिधर म्हणाले.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, चालू होता. नागपुरात या दिवसांत शहाणा माणूस पडद्याआड बसतो आणि बाकीचे तोंडाला दुपट्टा बांधून नशिबाला शिव्या देतात. खाणीवर पोहोचले तर पोकलेन मशीन ढिगाच्या पायथ्याशी बंद पडल्यासारखं उभं. त्याच्या सावलीत ऑपरेटर बळीराम तोंडावर गमछा टाकून झोपलेला. आणि ढिगावर अर्धं गाव. वर टिनाचं छप्पर, घंटा, लाल-पिवळी निशाणं, आणि छपराखाली शेंदरानं जाडजूड झालेला एक गोटा.

ढीग तरी केवढा! गिरिधरांनी आराखड्यात लिहिलं होतं, ढीग बुटका ठेवा, माणसाच्या उंचीपलीकडे जाऊ देऊ नका. पण मालकाला गिट्टी रचायला जागा कमी पडली, तशी माती वर वर चढवत नेली. फुगवलेल्या पुरीसारखी टेकडी झाली आणि सपाट गावात टेकडी म्हटल्यावर देवाला तरी दुसरी जागा कशाला हवी?

उन्मेष गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून म्हणाला, "काका, तुम्हीच बोला यांच्याशी. मशीन आणि डंपर या आठवड्यात दुसऱ्या खाणीवर न्यायचेत. नाही ऐकलं तर मी नुसत्या मुरमावर काम बंद करतो. मग पावसात बसा म्हणावं मुरूम नांगरत."

"दुसरीकडून माती आणता येईल," गिरिधर म्हणाले, कारण ते म्हणणं त्यांचं काम होतं.

"कुठून? दुसऱ्याचं शेत खरवडून?"

 गिरिधर ढिगावर चढले.

वर महादेवराव बसले होते. सत्तरीचा माणूस, कपाळभर कुंकू, गळ्यात माळ. मौज अशी की ज्याची माती त्याचाच नकार. टेकडीमायचे पहिले भगत तेच. चैत्रात यात्रा तेच भरवत आणि सकाळ-संध्याकाळ दिवाही तेच लावत.

"माय हलनार नाई, साहेब," ते म्हणाले. "बाकी तुमचं काय ते बोला."

"माती तुमचीच आहे, महादेवराव. शेतात पसरायची आहे. नाही पसरली तर धान होणार नाही."

"नाई झालं तं नाई झालं. धान मोठं का माय मोठी?"

मागून दोघा-तिघांनी "बोलो माता की" म्हटलं आणि घंटा वाजली. घंटेपुढं आराखडा चालत नाही. गिरिधर खाली उतरून वजनकाट्याच्या खोलीत जाऊन बसले.

थोड्या वेळानं तिथं गोपिकाबाई आल्या. महादेवरावांची बायको. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, हातात ताकाचा तांब्या. गिरिधरांनी ताक घेतलं. आंबट की गोड, त्यांना कळलं नाही. चव कळणं दिवाळीपासूनच थांबलं होतं.

"एक सांगू का जी साहेब? पन कोनाले बोलाचं नाई."

"बरं."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "ते माय मी ठेवली हाये."

गिरिधरांनी तांब्या खाली ठेवला.

"अंधार पडला का टेम्पो याचे जी. लेआउटवाल्याईचे, नर्सरीवाल्याईचे. आमची माती भरभरून न्याचे. चौकीदाराले सांगतलं तं तो म्हने, मी दगडाचा चौकीदार हाव, मातीचा नाई. आमच्या ह्याईले, पियुषच्या बाबाले, सांगतलं तं ते पिऊन पडले राहेत. म्हनत, जाऊ दे वं, ढीगच तं हाये. मंग मी काय करू? क्रशरच्या तोंडात नाई बसला म्हनून फेकलेला एक गोटा उचलला. रामटेकवरून शेंदूर आनला. अन् ठेवला वर नेऊन. टेम्पो बंद! देवाच्या अंगाखालची माती कोन नेते?"

सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं आणि लगेच गेलं.

"मंग एक दिवस हे वर गेले. पाया पडून आले अन् म्हने, आजपासून दारू बंद. माह्या सांगन्यानं जन्मात नाई सोडली जी. त्या गोट्यानं सोडवली. आता सांगू कशी का तो गोटा मी ठेवला? सांगतलं तं माती भेटते, पन मानूस हातचा जाते. नाई सांगतलं तं मानूस राह्यते, माती जाते." त्यांनी पदर तोंडाला लावला. "सासऱ्याची माती हाये जी ते. काळी कन्हार. मुठीत दाबली तं लाडू व्हाचा. आज सांगूनच टाकावं, असं वाटून राहिलं मले. काय करू?"

गिरिधरांना त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. एवढं कळलं की इथं दया यायला हवी. पण डोकं मात्र चालू झालं, कारण डोकं तेवढं शिल्लक होतं.

"म्हणजे देवी हलवायची नाही, एवढंच ना?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"मग नका सांगू काही. थांबा."

गिरिधर नोकरीला नवे लागले तेव्हा पेंचच्या कालव्यावर होते. तिथं मजूर माती खोदत, तेव्हा खोदलेल्या जागेत मध्ये मध्ये मातीचे खांब सोडत. वर मूळच्या जमिनीचं गवतही तसंच. त्या खांबाला मटाम म्हणायचे. मटाम कशाला? तर मोजणीला. सगळी माती उचलून नेल्यावर जमीन आधी कुठवर होती हे कळणार कसं? सपाट खड्डा काही बोलत नाही. मटामाची उंची मोजायची आणि त्यावरून इथून किती गेलं त्याचा हिशेब करायचा. मोजणी झाली की मटामही पाडायचा.

पाडायचा नाही, असं आजवर कुणी ठरवलं नव्हतं. पण नियमात न पाडण्याची मनाईही नव्हती.

ते पुन्हा ढिगावर चढले आणि महादेवरावांच्या शेजारी बसले.

"देवी इथंच राहील," ते म्हणाले. "तिच्या भोवतीची माती काढतो. तिच्याखाली खांब सोडतो, छपरासकट."

महादेवरावांनी डोळे बारीक केले. "मायच्या अंगाले धक्का?"

"नाही लागणार."

"पान्यानं ढासळंन."

"खांबाला खाली रुंद, वर निमुळता असा उतार देतो आणि चारी बाजूंनी दगड लावतो. वर जायला पायऱ्या."

म्हाताऱ्यानं गोट्यापुढं हात जोडले. खाली बायकांच्या घोळक्यात गोपिकाबाई उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. श्वास मात्र धरून ठेवला असावा, कारण त्यांच्या हातातला रिकामा तांब्या जरासुद्धा हलत नव्हता.

"म्हंजे माय जागेवरच," महादेवराव हळूहळू म्हणाले. "आपन खाली जाचं."

"हो."

"मंग बराबर हाये. इतके दिवस मायच्या बरोबरीनं बसून राहिलो, थेच चुकत होतं." आणि त्यांनी स्वतः घंटा वाजवली. "बळीराम! ऊठ गा! झोपला काहून?"

उन्मेष कुरकुरला. "काका, तुम्ही इंजिनीअर आहात का भगत?" पण खांबाला लावायचे दगड म्हणजे क्रशरनं नाकारलेले गोटेच होते, ते तसेही कुणी घेत नव्हतं. तो काच वर करून निघून गेला.

काम चालू झालं. गिरिधर रोज यायचे, रणरणत्या उन्हात छत्री धरून उभे राहायचे. बळीरामचा हात मोठा सफाईचा होता. पोकलेनच्या बादलीनं त्यानं देवीच्या चारी अंगांची माती अशी काढली की छपराचं एक टिन वाजलं नाही. डंपर माती नेत होते, मुरमावर टाकत होते, मागून फावडी ती पसरत होती.

ढीग मध्यापर्यंत कापला तेव्हा आतून वास आला. बळीरामनं मशीन थांबवलं. वरची माती काळी, भुसभुशीत होती, पण आतली निळसर-राखाडी, चिकट, नासक्या अंड्यासारख्या वासाची. एक गांडूळ नाही, एक मुळी नाही. गोपिकाबाई धावत आल्या. मूठभर उचलून त्यांनी ती नाकाशी नेली.

"मेली का जी ही?"

गिरिधरांनीही मूठ घेतली. वास नाकात शिरला. किती महिन्यांनी त्यांना कशाचा तरी वास आला होता. त्यांनी मूठ पुन्हा नाकाशी नेली.

"मेली नाही," ते म्हणाले. "फार उंच रचून ठेवली. आत हवा गेली नाही. मी बुटका ढीग ठेवा म्हटलं होतं, नंतर बघायला आलो नाही. आता पातळ पसरू, उन्हं लागू देत. यंदा धान नका लावू, ताग पेरा आणि फुलावर आला की गाडून टाका. शेणखत द्या. पुढच्या साली नाही, तर त्याच्या पुढच्या साली येईल."

"येईन ना पन?"

"येईल."

हे त्यांना खरंच ठाऊक होतं, म्हणून ते न अडखळता बोलले. गोपिकाबाईंनी मूठ सोडली नाही. ती माती पदरात बांधून त्या घरी घेऊन गेल्या.

शेवटच्या दिवशी ऊन कलताना सगळं संपलं. जिथं टेकडी होती तिथं जमीन सपाट झाली, आणि बांध्यांवर काळी माती पसरली. मधोमध दगड लावलेला खांब, दीड पुरुष उंच. वर छप्पर, घंटा, टेकडीमाय. महादेवराव नव्या पायऱ्या चढून दिवा लावत होते आणि धापा टाकत होते, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की देव लांब गेल्यामुळे त्यांना फार बरं वाटतंय.

गोपिकाबाई खाली खांबाशी उभ्या होत्या. एक हात दगडावर, मान वर.

"एवढी होती का जी माती?" त्या म्हणाल्या.

"एवढी होती."

"रोज दिसे तवा ध्यानातच नाई आलं. ढीगच तं हाये, असंच वाटे. आता सारी गेली अन् हा एकटा खांब राहिला, तं कळून राहिलं, किती होती ते." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "मोजनी झाली का हा पाडतात म्हने, बळीराम सांगे."

"हा नाही पाडायचा," गिरिधर म्हणाले.

परतताना कामठीच्या पुढं ट्रॅफिक लागलं.   नूपुरचा निरोप आला होता: गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, चावी देऊन टाका.

महालात गाडी बाहेरच लावून ते बोळीतून घरापर्यंत आले, तर दारात एक तरुण जोडपं उभं. मुलगा भला होता. म्हणाला, "काका, हिला ऑफिसला जायला पाहिजे. जरा बघून घेतो." गिरिधरांनी चावी काढून दिली. जिन्याखालून त्यानं स्कूटी बाहेर काढली, सीटवरची धूळ झटकली, चालू केली. ती पहिल्याच बटणाला चालू झाली.

"वा, बॅटरी छान ठेवली तुम्ही," तो म्हणाला. "बस, बघ बरोबर वाटते का."

बायको सीटवर बसली. हँडल धरलं, पाय टेकवून पाहिले. ती उंच होती. तिनं उजव्या हाताच्या आरशात पाहिलं, तिला त्यात काही दिसेना, तिनं आरसा वर वळवायला हात पुढं केला.

"नाही!" गिरिधर ओरडले.

दोघंही दचकले. शेजारच्या ओट्यावर गव्हातले खडे निवडणाऱ्या बाईनं मान वळवली.

"आरसा नका हलवू," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "माफ करा. गाडी द्यायची नाही."

"अहो काका, पण ताईंनी तर..."

"नाही द्यायची."

ती दोघं गेली, जाताना काहीतरी बोलत गेली, ते साहजिकच होतं. गिरिधरांनी नूपुरला फोन लावला.

"गाडी दिली नाही मी."

"का बाबा? तुम्हीच तर बरं म्हणालात."

"सगळं उपसलं गं मी," ते म्हणाले. "एकेक करून सगळं. घर सपाट केलं. एवढीच राहिली आहे. हीपण गेली तर किती होतं ते कळायचं कशावरून?"

 पलीकडून नूपुरचा हुंदका ऐकू आला. दिवाळीपासून तीही बापासमोर रडली नव्हती, धीराच्या बापाची धीराची मुलगी.

फोन चालूच ठेवून गिरिधर स्कूटीवर बसले. इतके रविवार बाजूला उभं राहून चालू केली होती, पण बसले आज पहिल्यांदा. आरशात त्यांना स्वतःचा सदरा दिसला, खिसा आणि खिशातलं पेन. चेहरा दिसेना. मग ते खाली वाकले, आणखी जरा वाकले, प्रीतीचं डोकं जिथं येत असे तिथवर. आरशात बोळी दिसली, ओटा, वळणावरचा विजेचा खांब आणि त्यांच्या घराचं दार. रोज शाळेला निघताना ती मागचं एवढं बघून जायची.

तसेच वाकलेले गिरिधर रडू लागले, मोठ्यानं, बोळीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या तरी थांबले नाहीत.